मातीचं घर स्वतःच्या हातांनी: शिकायला सुरुवात कुठून करावी?

ओलीमाती (धागाकर्ती)

गेली काही वर्षं मी मातीकाम शिकते आहे. आधी दुसऱ्यांच्या बांधकामांवर हाताखाली राबले, मग स्वतःची एक लहान खोली उभी केली, आता राहत्या घराची तयारी चालू आहे. या विषयावर जो कोणी भेटतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठली पद्धत चांगली? कच्च्या विटा, कॉब (पेंढा कालवलेला ओला गारा हाताने रचून चढवलेली भिंत), साच्यात ठोकून भरलेली माती की कुड? मला वाटतं, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी जागेवरची माती बघायची, मग तिथे पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. एवढं नीट झालं की पद्धत बरीचशी आपोआप ठरते. म्हणून हा धागा मातीपासून सुरू करते.

वरचा थर भिंतीला चालत नाही. त्यात मुळं, पालापाचोळा, कुजलेलं काहीबाही असतं. ते पुढेही कुजत राहतं आणि भिंत पोकळ करतं. तो थर काढून झाडांसाठी बाजूला ठेवा. साधारण फूट-दीड फूट खाली गेल्यावर रंग बदलतो, कुजकट वास जातो. तिथपासूनची माती आपली.

ती सरळ काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, चांगली घुसळा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कणांची माती) तासा-दोन तासांत, चिकणमातीला मात्र दिवसभर किंवा त्याहून जास्त लागतं. थरांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो. चिकणमाती 15 ते 25 टक्क्यांच्या आसपास आणि बाकी बहुतांश वाळू असेल तर बहुतेक पद्धतींना ती चालते.

बाटली एक गोष्ट सांगत नाही: चिकणमाती कुठल्या जातीची आहे. केओलिनाइट जातीची माती पाणी पिऊन फारशी फुगत नाही. काळ्या, भेगाळणाऱ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं. ते पाण्याने फुगतं आणि वाळताना तितकंच आकसतं. दोन्ही मातींचे थर बाटलीत सारखेच दिसू शकतात, भिंतीत त्या अगदी वेगळ्या वागतात. त्यासाठी लाकडाची 60 सेंटिमीटर लांब आणि आतून 4 सेंटिमीटर रुंद व खोल अशी पेटी करा. आतून तेलाचा हात फिरवा, ओली माती दाबून भरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाची फट मोजा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असेल तर माती कामाची. फट 3 सेंटिमीटरच्या पुढे गेली तर वाळू वाढवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

वाळू कोनेदार, कणीदार घ्या. गोल गुळगुळीत कण एकमेकांत अडकत नाहीत. खारी वाळू तर नकोच, मीठ भिंतीतून वर येऊन पृष्ठभाग भुसभुशीत करतं.

यानंतर नमुन्याच्या विटा पाडायच्या: मातीस वाळू एकास एक, एकास दोन, एकास तीन, प्रत्येकीत पेंढा घातलेली आणि न घातलेली. प्रत्येक विटेवर ओली असतानाच प्रमाण कोरून ठेवा. वाळल्यावर दोन टेकूंवर ठेवून वर उभं राहा, कोपरा नखाने खरवडा, एक वीट पाण्यात सोडा. इथे जे कळतं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा तुमच्या मातीबद्दल जास्त खरं असतं. ही पायरी गाळून थेट पाया खणायला घेणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

---

नवशिका

फार उपयोगी लिहिलंत, ताई. एक अडचण. मी बाटलीचा प्रयोग केला, पण थर वेगळे दिसतच नाहीत. सगळं एकाच रंगाचं.

---

ओलीमाती

रंगावर जाऊ नका, वेळेवर जा. बाटली ठेवल्यावर एका मिनिटाने जितका गाळ बसला असेल तिथे पेनने रेघ मारा, दोन तासांनी दुसरी, पाणी निवळल्यावर तिसरी. पहिल्या रेघेपर्यंत वाळू, दुसरीपर्यंत पोयटा, तिसरीपर्यंत चिकणमाती. घुसळण्याआधी ढेकळं पूर्ण फोडा. चिकणमातीची ढेकळं वाळूसारखी तळाला जाऊन बसली की हिशेबच चुकतो.

---

वळचण

धागा आवडला. पाण्याबद्दल मी लिहितो, कारण मातीची जी घरं पडताना मी पाहिली त्यांतली बहुतेक पाण्याने पडली. त्यांची माती वाईट नव्हती.

'मातीचं घर कोरड्या हवेतच टिकतं' हा समज काढून टाकायला हवा. येमेनमधल्या शिबामचे मातीच्या विटांचे उंच मनोरे बहुतांशी सोळाव्या शतकापासूनचे आहेत आणि तो प्रदेश कोरडा आहे, हे खरं. पण इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात बारमाही पाऊस आणि दमट हवा असूनही कॉबची घरं शतकानुशतकं वापरात आहेत. तिथल्या भिंती दगडी जोत्यावर उभ्या असतात आणि छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येतं. सगळी मेख या दोन गोष्टींत आहे.

जोतं दगडाचं किंवा पक्क्या विटेचं, जमिनीपासून किमान दीड फूट वर घ्या. पाऊस जोराचा असेल तर दोन फूट. एवढं कशाला, असं विचारतात. वळचणीवरून पडलेलं पाणी जमिनीवर आपटून उलटं उडतं आणि नेमकं भिंतीच्या पायथ्याला लागतं. तिथे रोज थोडी थोडी माती निघते आणि भिंत खालून बारीक होत जाते. छप्पर दोन ते अडीच फूट पुढे काढा. पागोळ्या जिथे पडतात तिथे खडीची चर काढून पाणी घरापासून दूर न्या.

जमिनीतून वर चढणारी ओल अडवायला जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर हवा. बाहेरची जमीन घराकडून बाहेर उतरती हवी. आणि जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे कृपया नकोत, रोज घातलेलं पाणी शेवटी भिंतच पिते.

---

शंकासूर

मला सगळं पटतंय, पण एक विचारतोच. मातीत 5-7 टक्के सिमेंट टाकलं की हे सगळे प्रश्न मिटत नाहीत का? दाबयंत्रावर स्थिरीकृत विटा पाडून घ्याव्यात, बाहेरून सिमेंटचा गिलावा द्यावा आणि मोकळं व्हावं. नैसर्गिक राहण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

---

ओलीमाती

प्रश्न रास्त आहे. त्यात दोन वेगळे मुद्दे आहेत, ते वेगळे ठेवू.

विटेच्या आत सिमेंट: वाळू जास्त असलेल्या मातीत ते चांगलं काम करतं. दाबलेल्या, 5 ते 8 टक्के सिमेंटच्या विटा पाण्यात विरघळत नाहीत, त्यांची घरं जगभर उभी आहेत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. चिकण जास्त असेल तिथे सिमेंटपेक्षा चुना बरा पडतो. पण एकदा सिमेंट घातलं की ती माती पुन्हा भिजवून वापरता येत नाही. साधी कच्ची वीट फुटली तर पाण्यात टाका, दुसऱ्या दिवशी तिचाच गारा होतो. ज्याला स्वतः बांधायचं आणि पुढे स्वतःच दुरुस्त करायचं आहे, त्याच्यासाठी हा गुण फार मोठा आहे.

साध्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा: इथे मात्र माझं मत ठाम आहे, देऊ नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा कठीण थर तसा हलत नाही, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला वाट राहत नाही. ते भिंतीत खाली उतरून पायथ्याशी साचतं. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसत असताना आतली माती लगदा झालेली असते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओस इथे कच्च्या विटांचं एक जुनं, प्रसिद्ध चर्च आहे, सान फ्रान्सिस्को दे आसीस. दरवर्षीच्या लिंपणाचा व्याप वाचावा म्हणून 1967 साली त्याला कठीण सिमेंटचा गिलावा दिला. आत ओल कोंडली आणि भिंती खराब होऊ लागल्या. 1979 मध्ये तो सगळा थर काढून पुन्हा मातीचं लिंपण केलं. तेव्हापासून गावकरी मिळून ते लिंपण ताजं ठेवतात. हेतू चांगला होता, खर्चही झाला, तरी उलट फिरावं लागलं. म्हणून माझा आग्रह नैसर्गिक राहण्याचा कमी आणि भिंतीला श्वास घेऊ देण्याचा जास्त आहे.

---

चुनखडी

ओलीमाती यांच्याशी शंभर टक्के सहमत. गिलाव्याचं काम मी करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. भिंत उभी झाल्यावर लोकांचा उत्साह संपलेला असतो आणि गिलावा घाईत उरकला जातो.

पहिली गोष्ट, थांबा. जाड भिंत आतून वाळायला कित्येक महिने घेते. ती आकसून स्थिर होण्याआधी गिलावा दिला तर भिंतीबरोबर तोही फाटतो. मग भिंत झाडून सुटी माती काढा, पाणी शिंपडून ओलसर करा, चिकणमातीचं पातळ पाणी हाताने किंवा कुंच्याने चोळा. पहिला थर जाडसर, बारीक चिरलेला पेंढा भरपूर घातलेला. तो गुळगुळीत करायचा नाही, बोटांनी ओरखडे काढून ठेवायचे म्हणजे पुढचा थर धरून बसेल. तो वाळला की दुसरा, बारीक चाळलेल्या मातीचा आणि वाळूचा. शेवटचा थर अगदी पातळ, कागदाच्या काही घड्यांइतका.

पेंढा घातलेला गारा काही दिवस झाकून मुरत ठेवला की त्याचा पोत बदलतो, हाताला चिकट आणि लोण्यासारखा मऊ लागतो. वास येतो, वाळल्यावर जातो. शेण मिसळलं तर त्यातले बारीक तंतू आणि चिकटपणा दोन्ही उपयोगी पडतात, भेगा कमी होतात.

पावसाचा मारा येणाऱ्या बाजूला चुन्याचा गिलावा द्या. कळीचा चुना पाण्यात विरवून जितका जास्त काळ पाण्याखाली मुरवाल तितका तो मऊ आणि चांगला होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून तो उन्हात भराभर वाळता कामा नये. ओली फडकी टांगा, दिवसातून अनेकदा पाणी शिंपडा. चुना विरवताना पाणी उसळतं, भाजतं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे नसतील तर काम सुरूच करू नका. हे मी कळकळीने सांगते, डोळ्यात गेलेला चुना कायमची इजा करतो.

आणि मातीच्या लिंपणाची डागडुजी म्हणजे कटकट आहे असं मानू नका. मालीमधल्या जेन्ने इथली मशीद, सध्याची इमारत 1907 ची, संपूर्ण मातीची आहे. अख्खं गाव दरवर्षी एकत्र येऊन ती लिंपतं. भिंतीतून बाहेर आलेली ताडाची लाकडं त्या वेळी पायाडाचं काम करतात. वरचा थर झिजणारच आहे हे धरूनच ती इमारत रचलेली आहे, म्हणून आतली भिंत टिकते.

---

नवशिका

चुनखडी ताई, वाचनखूण साठवली.

---

ओळंबा

व्यवसायाने स्थापत्य अभियंता. धागा उत्तम चाललाय, पण भूकंपाचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

26 डिसेंबर 2003 ला इराणमध्ये बाम इथे भूकंप झाला. पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली. जड छपरांची, कुठेही बांधून न ठेवलेली कच्च्या विटांची घरं कोसळली आणि माणसं मातीखाली गुदमरली. मातीच्या घरावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांसमोर ठेवावं. माती दाब सहन करते, ताण मात्र जवळजवळ अजिबात नाही. भिंत हादरली की कोपरे उघडतात, भिंती बाहेर पडतात, छप्पर आत येतं.

यावर उपाय आहेत आणि ते हाताने बांधणाऱ्याला जमण्यासारखे आहेत. मातीच्या इमारतींसाठी भारतीय मानक आयएस 13827 हे 1993 चं आहे. त्यातले काही नियम पाठच करावेत: भिंतीची उंची जाडीच्या 8 पटींपेक्षा जास्त नको. भिंतीला काटकोनात येऊन मिळणाऱ्या दोन भिंतींमधलं अंतर जाडीच्या 10 पटींच्या आत. दार-खिडकी 1.2 मीटरपेक्षा रुंद नको आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून 1.2 मीटर दूर हवी. दारावरची तुळई दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी भिंतीत टेकलेली हवी. म्हणजे 40 सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला 3.2 मीटर उंचीची आणि जास्तीत जास्त 4 मीटर लांबीची मर्यादा. उंच भिंतीला लांबीची मर्यादा याहूनही कमी होते. भूकंपाचा धोका जास्त असलेल्या पट्ट्यात मजला एकच.

याशिवाय भिंतींच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा, कोपऱ्यांत पक्का जोडलेला लाकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा हवा. तो चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. छप्पर हलकं हवं. पेरूमध्ये 1970 च्या मोठ्या भूकंपानंतर लिमाच्या कॅथलिक विद्यापीठात कच्च्या विटांच्या भिंतींवर बरीच वर्षं संशोधन झालं. भिंतीत उभ्या-आडव्या वेताच्या काठ्या घालणं, नंतर दोन्ही अंगांना प्लॅस्टिकची जाळी बांधून वर गिलावा देणं, असे उपाय त्यातून आले. भिंतीला तडे जातात, पण ती माणसांवर कोसळत नाही. आपल्याला तेवढंच हवं असतं.

एक विनंती: आराखडा एखाद्या अभियंत्याला दाखवा. मातीकाम माहीत असलेला मिळाला तर उत्तमच. हाताने बांधायचं म्हणजे तपासून न घेता बांधायचं असं नव्हे.

---

वळचण

ओळंबा, +१. याच कारणासाठी मला कुडाचं घर आवडतं. लाकडाचा किंवा बांबूचा सांगाडा भार घेतो, काठ्यांच्या विणीवर दोन्हीकडून मातीचं लिंपण. भिंत पातळ, हलकी आणि लवचीक. जाड भिंतीचा गारवा तिच्यात नाही, हे कबूल.

---

शंकासूर

सिमेंटचं उत्तर पटलं, धन्यवाद. आता कष्टांबद्दल खरं खरं सांगा. दोन माणसांना हे जमतं का?

---

ओलीमाती

आकडा मांडून बघू. 4 मीटर लांब, 2.7 मीटर उंच आणि 40 सेंटिमीटर जाड अशा एका भिंतीत 4.32 घनमीटर माती जाते. घनमीटरला 1,700 किलो धरले तर एक भिंत 7 टनांच्या पुढे. अशा चार भिंती, त्यातून दारं-खिडक्या वजा. ही सगळी माती खणायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची, उचलायची आणि रचायची. म्हणून घर लहान काढा. वाचवलेला प्रत्येक चौरस फूट म्हणजे न उचललेली घमेली.

पद्धतीची निवड इथे येते. कॉबला साचा लागत नाही, दोन हात आणि दोन पाय पुरतात. भिंत हवी तशी वळवता येते, कोनाडे, बसायचे कट्टे तिच्यातूनच काढता येतात. पण एका वेळी फूटभर, फार तर सव्वा फूट चढवायची, मग ती घट्ट होईपर्यंत थांबायचं. जास्त चढवली तर पोट बाहेर येतं. कच्च्या विटांना मोकळी सपाट जागा आणि कोरडे दिवस हवेत. सुरुवातीला आडव्या, उचलण्याजोग्या झाल्या की कडेवर उभ्या करायच्या, आणि तीन-चार आठवडे तरी वाळू द्यायच्या. फायदा असा की विटा फावल्या वेळात पाडून ठेवता येतात आणि भिंत मग झपाट्याने चढते. दोन माणसांसाठी मी विटाच सुचवेन.

साच्यात ठोकून भरायची माती ओली नसते, जेमतेम दमट असते. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि तो छातीच्या उंचीवरून टाकला की फुटावा. पसरला तर पाणी जास्त आहे. 10 ते 15 सेंटिमीटरचे थर टाकून धुमसाने ठोकायचे, आवाज बदलून टणक येईपर्यंत. भिंत अतिशय देखणी होते, पण साचे जड आणि मजबूत लागतात, माणसंही जास्त.

माणसं जमवायची असतील तर तुडवण्याच्या कामाला जमवा. ते कुणालाही पहिल्याच दिवशी जमतं आणि त्यात आनंद आहे. भिंत ओळंब्यात ठेवायचं काम मात्र एकाच्याच हातात असू द्या.

---

ओळंबा

एक पुरवणी. जाड मातीची भिंत उष्णता अडवत नाही, उशिराने पोचवते. दुपारचं ऊन आत यायला आठ-दहा तास लागतात, तोवर रात्रीची हवा गार झालेली असते. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तिथे हा गुण अमोल आहे. सतत थंडी असेल तिथे नुसती माती पुरत नाही. पेंढ्यात पातळ चिकणमाती कालवून केलेली हलकी भिंत किंवा बाहेरून उष्णतारोधक थर घालावा लागतो.

---

नवशिका

न्हाणीघर आणि विजेच्या तारा?

---

चुनखडी

न्हाणीच्या भिंती पक्क्या विटेच्या किंवा दगडाच्या करा आणि शक्य तर घराच्या एका कडेला घ्या. पाइप मातीच्या भिंतीत पुरू नका, गळती दिसेपर्यंत पायथा गेलेला असतो. मोरोक्कोत चुन्याचा गिलावा गोट्याने घासून आणि साबण चोळून जलरोधक करतात, त्याला ताडेलाक्त म्हणतात. सुंदर असतो, पण तो हात बसायला वेळ लागतो, पहिल्या घरात नको. तारा नळीतून न्या आणि नळ्या भिंत चढत असतानाच बसवा.

---

शंकासूर

शेवटचं विचारतो. काम अर्ध्यावर असताना पाऊस आला तर?

---

ओलीमाती

भिंतीचा माथा झाका, अंग उघडं राहू द्या. पाणी माथ्यातून आत मुरलं तरच भिंत ढासळते. अंगावरून ओघळलं तर थोडी माती जाते, ती गिलाव्यात भरून निघते. पूर्ण भिंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर ती आतल्या आत घामेजते आणि वाळतच नाही. माथ्यावर पेंढ्याचा जाड थर, त्यावर दोन्हीकडे वीतभर पुढे आलेली ताडपत्री किंवा पत्रा, त्यावर दगड.

पुन्हा सुरू करताना माथा खरवडून सुटी माती काढा, काठीने जागोजागी चार-पाच इंच खोल भोकं पाडा आणि ओलं गोणपाट रात्रभर पसरून ठेवा. सकाळी बोट दाबल्यावर खूण उमटली की नवा गारा चढवा. नाही उमटली तर गोणपाट आणखी एक रात्र राहू द्या.